कॅनालमध्ये फाईल मोडली, आता पुढे काय

रूट कॅनाल करताना दाताच्या मुळातली नळी (कॅनाल) घासणारी बारीक सुई, म्हणजे फाईल, बाहेर आली आणि टोक आखूड दिसलं, की पहिलं काम हात थांबवणं. त्याच नंबरची दुसरी फाईल आत घालून बघायची नाही, त्याने तुकडा आणखी खाली जातो. मोडलेली फाईल त्याच मापाच्या नव्या फाईलशेजारी धरा आणि एंडो-रूलरवर (फाईल मोजायच्या पट्टीवर) फरक मोजा. २५ नंबर, ६ टक्के टेपरच्या (टोक ०.२५ मिमी, पुढे दर मिमीला ०.०६ मिमी जाड) फाईलचं ४ मिमी टोक राहिलं असेल, तर तुकड्याचं वरचं तोंड ०.२५ अधिक ४ गुणिले ०.०६, म्हणजे साधारण ०.४९ मिमी जाड असतं. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं माप त्यावरून ठरतं.

मग आरव्हीजी (डिजिटल एक्स-रे), एक सरळ आणि एक तिरका. तुकडा वळणाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे त्यात कळायला हवं. वळण बुक्कल-लिंग्वल (गाल-जीभ) दिशेला असेल तर साध्या एक्स-रेत ते लपतं, अशा वेळी लहान फील्डचा सीबीसीटी (थ्रीडी स्कॅन) घ्यावा.

पेशंटला त्याच खुर्चीत सांगा, पुढच्या व्हिजिटला नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे समजावणं सोपं जातं: "मामा, जॉबमध्ये टॅप मोडून बसतो बघा, तसं दाताच्या नळीत फाईलचं टोक राहिलंय. काढायला गेलं की भोक मोठं होतं, म्हणून आधी बघतो काढणं फायद्याचं आहे का." तो लगेच विचारणार, "मग त्यो निघणार का न्हाई?" खात्री नसेल तर हो म्हणू नका. तुकड्याची लांबी, जागा आणि पेशंटशी झालेलं बोलणं केसपेपरवर लिहून सही घ्या.

धातूचा तुकडा स्वतः आजार करत नाही. त्याच्या खाली न धुतलेली, जंतू असलेली नळी उरते, त्रास तिचा असतो. पल्प (दाताची नस) जिवंत होता आणि शेवटच्या फाईलला तुकडा मोडला, तर तो तिथेच ठेवून वर भरलेला दातही बहुतेक वेळा नीट चालतो. दात मेलेला, मुळाशी काळी सावली आणि साफसफाईच्या सुरुवातीलाच मोडलं, तर प्रयत्न करायलाच हवा.

प्रयत्नाची सुरुवात बायपासने, म्हणजे तुकड्याच्या बाजूने वाट काढून, करा. कॅनाल बहुतेकदा अंडाकृती असतो आणि तुकडा गोल, म्हणून एका बाजूला फट असते. ८ किंवा १० नंबरच्या के-फाईलच्या (हाताने चालवायच्या बारीक फाईलच्या) टोकाला एक-दीड मिमीवर बारीक बाक द्या, कॅनाल १७ टक्के ईडीटीएने (नळीची भिंत मऊ करणाऱ्या द्रावणाने) भरा आणि घड्याळाला चावी देतो तशी हलकी मागेपुढे हालचाल करत चारी बाजूंनी चाचपडा. फाईल अडकून धरल्यासारखी वाटली की ती फटीत शिरली. तिथून बाहेर न काढता बारीक वर-खाली करा आणि एक्स-रे घ्या. बायपास झालेल्या कॅनालमध्ये रोटरी (मोटरवर फिरणारी) फाईल चालवू नका. ती तुकड्याला घासून मोडते, नाहीतर त्याला पुढे ढकलते. खालच्या दाढेच्या मेसियल (पुढच्या) मुळातले दोन कॅनाल टोकाशी एकत्र येत असतील, तर दुसऱ्या कॅनालमधूनही शेवटचा भाग धुता येतो.

बायपास जमला नाही आणि तुकड्याचं तोंड सरळ दिसण्याजोगं असेल, तरच अल्ट्रासोनिक (वेगाने थरथरणारी बारीक टिप). हे काम मायक्रोस्कोपखालचं आहे. लूप्सवर (भिंगाच्या चष्म्यावर) फक्त ओरिफिसजवळचा (नळीच्या तोंडाजवळचा) तुकडा निघतो. रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावा, बाकीच्या कॅनालची तोंडं टेफ्लॉनने बंद करा. नाहीतर एका नळीतून उडालेला तुकडा शेजारच्या नळीत पडतो आणि तिथून काढणं आणखी अवघड होतं.

तुकड्यापर्यंत सरळ वाट करायला गेट्स ग्लिडनचं (नळीचं तोंड रुंद करणाऱ्या ड्रिलचं) डोकं सर्वांत रुंद जागी आडवं कापून सपाट करा. ३ नंबर ०.९ मिमीचा, २ नंबर ०.७ चा. वर काढलेल्या ०.४९ च्या तुकड्याला २ नंबर पुरतो. सुमारे ३०० आरपीएमला, दाब न देता चालवा. तुकड्याच्या डोक्याभोवती सपाट ओटा तयार झाला की पातळ टिप, सर्वांत कमी पॉवर आणि कोरडं काम, म्हणजे दिसतं. टिप तुकड्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, कारण बहुतेक फाईल उजव्या आट्यांच्या असतात आणि उलट फिरवल्या की सुटतात. वेव्हवन किंवा रेसिप्रॉकसारख्या फाईलचे आटे डावे, तिथे दिशाही उलटी.

नायटीच्या (निकेल-टायटॅनियमच्या) तुकड्यावर टिप टेकवू नका, त्याचे आणखी तुकडे होतात. तुकडा वळणाच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेला असतो, म्हणून खाच आतल्या बाजूला घ्या, पण अगदी बारीक. खालच्या पहिल्या दाढेच्या मेसियल मुळाची फर्केशनकडची (मुळं फुटतात त्या बाजूची) भिंत अनेकदा मिलिमीटरभरही जाड नसते आणि इथेच छिद्र पडतं. दर आठ-दहा सेकंदांनी थांबा, हवा मारून पांढरी भुकटी उडवा. सलग कोरडं चालवलं तर मुळाबाहेरचं हाड भाजतं. डोकं मोकळं झालं की कॅनाल ईडीटीएने भरा आणि टिप खाचेत चालवा. चंदेरी ठिपका आधी हलकासा थरथरतो, मग गरगरतो आणि एकदम उडून पल्प चेंबरमध्ये येतो. थरथर सुरू झाल्यावर घाईने दाब देण्याचा मोह होतो. तो टाळा.

साधारण साडेचार मिमीपेक्षा लांब तुकडा अल्ट्रासोनिकने सैल झाला तरी बाहेर येत नाही. तो लूपने (बारीक तारेच्या फासाने) धरावा लागतो, किंवा दोन-तीन मिमी डोकं उघडं करून त्यावर टोक कापलेली सुई चढवायची आणि आतून एच-फाईल (दुसरी एक हातफाईल) घट्ट पाचरून एकत्र ओढायची.

पाऊण तास ते तास झाला आणि हालचाल नसेल, तर थांबा. त्यापुढे यश कमी आणि छिद्राची भीती जास्त. वळणाच्या पलीकडचा, शेवटच्या तिसऱ्या भागातला तुकडा बहुतेकदा जिथल्या तिथे सोडावा. पेशंट चंदगड-आजऱ्याहून एसटीने आलेला असतो, त्याला एकाच दिवसात उरकण्यापेक्षा कॅल्शियम हायड्रॉक्साइड घालून, वर निदान ३-४ मिमी जाड तात्पुरतं सिमेंट भरून परत बोलवा. त्या बाजूने ऊस-सुपारी चावू नका, हेही सांगा.

तुकडा ठेवूनच भरायचं ठरलं, तर हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) भरपूर धुऊन त्याच्या डोक्यापर्यंत भरा आणि कॅप लवकर बसवा. सहा महिन्यांनी, वर्षाने एक्स-रे घ्या. सावली वाढली किंवा दात दुखायला लागला, तर एपिकोएक्टॉमीसाठी (मुळाचं टोक कापून काढण्यासाठी) तज्ज्ञाकडे पाठवा, आणि तुकड्याची लांबी, जागा, आधी काय काय करून पाहिलं हे चिठ्ठीवर लिहून द्या.