अकरावी-बारावीचं मानसशास्त्र : गावात राहून कसं अभ्यासायचं

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या बाजूला. अकरावीला मानसशास्त्र घेतलं तेव्हा आई म्हणाली, "कायले घेतलं वं हे? पागल लोकायचा अभ्यास हाय ना तो?" आज मी याच विषयात एम.ए. करते. सुट्टीत घरी आले की शेजारच्या पोरी पुस्तक घेऊन ओट्यावर येऊन बसतात. त्यांना जे सांगते तेच तुला सांगते.

आमच्याकडे या विषयाला पूर्णवेळ शिक्षक नव्हते. तासिका तत्त्वावरच्या मॅडम आठवड्यातून दोन दिवस यायच्या, दिवाळीनंतर त्याही बंद झाल्या. त्यामुळे पुस्तक हाच शिक्षक. बालभारतीच्या मराठी पुस्तकाची पीडीएफ त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. रेंज असेल त्या दिवशी उतरवून घे. गाईड नंतर, तेही फक्त जुन्या प्रश्नांसाठी.

अभिसंधान, अवधान, बोधनिक प्रक्रिया... असे शब्द पाहूनच पोरी पुस्तक मिटतात. मी एक शंभर पानी वही केली होती. डाव्या पानावर पुस्तकातला शब्द, उजव्या पानावर आमच्या घरी-शेतात दिसलेली गोष्ट. उजवं पान कोरं असेल तर तो शब्द मला अजून आला नाही, असं मी धरायची.

अभिसंधान म्हणजे दोन गोष्टी पुन्हापुन्हा सोबत आल्या की पहिलीच्या खुणेवरच दुसरीची प्रतिक्रिया द्यायला शिकणं. त्याचं उजवं पान गोठ्यात भरलं. आमची तांबडी गाय आधी वासराने तोंड लावल्यावरच पान्हा सोडायची. रोज त्याच्या आधी आई बादली घेऊन यायची आणि कडी वाजायची. काही आठवड्यांनी नुसती कडी वाजली, वासरू अजून खुंट्यालाच बांधलेलं, तरी सडातून दुधाचे थेंब गळायला लागले. मी वही घेऊन तिथंच बसले. वासराचं तोंड हा अनभिसंधित उद्दीपक (न शिकवता आपोआप प्रतिक्रिया आणणारी गोष्ट), कडीचा आवाज हा अभिसंधित उद्दीपक (सवयीने तेच काम करायला लागलेली खूण), आणि त्या आवाजाने सुटलेला पान्हा ही अभिसंधित प्रतिक्रिया. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगात अन्नाआधीच्या आवाजानेच गळणारी कुत्र्याची लाळ मला त्या दिवशी समजली. परीक्षेत कुत्रा लिहायचाच, पण त्याखाली स्वतःचं उदाहरण लिही आणि त्यातले तिन्ही भाग नावानिशी दाखव. व्याख्या पाठ असलेला आणि विषय कळलेला, यातला फरक तपासणाऱ्याला तिथंच दिसतो.

स्मृतीचा धडा मी आजीवर करून पाहिला. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये मांडलं की माणूस एका वेळी साधारण सात, दोन कमी-जास्त, इतक्याच गोष्टी ध्यानात धरतो. मी आकडे म्हणायची, आजीने तसेच परत म्हणायचे. पाचावर आजी अडली. मला वाटलं, वय झालं. त्याच संध्याकाळी काट्यावर कापूस मोजला आणि रात्री जेवताना आजीने अकराही बायांचं वजन सांगितलं, कोणी किती किलो वेचला, अर्ध्या किलोसकट. आजीला अक्षरओळख नाही. सुटे आकडे तिला धरता आले नाहीत, पण माणसाला चिकटलेले आकडे सुटले नाहीत. एबिंगहॉस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच स्मृतीचे प्रयोग केले आणि १८८५ मध्ये छापले, त्यात मुद्दाम अर्थ नसलेली अक्षरं का घेतली, ते मला आजीच्या ताटासमोर कळलं. अर्थ आला की आठवण सोपी होते, मग नुसती स्मृती मोजता येत नाही.

एबिंगहॉसचंच दुसरं म्हणणं वेळापत्रकासाठी वापर. विसरणं सुरुवातीला सगळ्यात वेगात होतं. म्हणून आज वाचलेलं आज रात्री, मग तिसऱ्या दिवशी, मग रविवारी, पुस्तक न उघडता आठवून लिही. एस.टी.त सीट मिळाली की मी हेच करायची.

सनावळ्या थोड्याच आहेत, त्या भिंतीवर लाव : वुंटची लाइपझिगमधली (जर्मनी) मानसशास्त्राची प्रयोगशाळा १८७९, बिने-सिमोन यांची बुद्धिमापन चाचणी १९०५. बुद्धिगुणांकाची गणितं सोडू नकोस, हक्काचे गुण आहेत. मानसिक वय भागिले शारीरिक वय, गुणिले १००. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय बारा असेल तर १२०.

मानसिक विकृतींच्या धड्याला मात्र सावकाश जा. मी हा धडा वाचला त्या वर्षी बोंडअळीने आमच्या भागातला कापूस नेला होता. माझा एक चुलता शेतात जायचा बंद झाला होता. मी चारचौघांत म्हटलं, "काकाले डिप्रेशन हाय." काका ओट्यावरून उठला आणि महिनाभर आमच्या घरी आला नाही. लक्षणांची यादी परीक्षेसाठी आहे, नाव ठेवायला नाही. निदान मानसोपचारतज्ज्ञ करतात. घरात-गावात कोणाची झोप, जेवण, कामावरचं मन बरेच दिवस उडालेलं दिसलं तर जवळ बसून ऐकून घे. घरातल्या मोठ्या माणसाला सांग. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा नंबर १४४१६ आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत. मी तो आमच्या फडताळाच्या दारावर खडूने लिहिला आहे. हा विषय शिकून तुझ्या हातून एवढं झालं तरी मला पेपरातल्या गुणांपेक्षा ते मोठं वाटेल.

प्रकल्पाला वीस गुण आहेत. विकतची फाईल घेऊ नकोस. विषय छोटा आणि गावातच करता येईल असा निवड : बारावीच्या पोरांची झोप, किंवा मोबाईल नंबर सलग ऐकून आणि तुकडे पाडून ऐकून किती लक्षात राहतो. दहा-बारा माणसं पुरतात. प्रत्येकाला आधी विचार, कशासाठी विचारतो ते सांग आणि फाईलमध्ये नावाऐवजी अ, ब, क लिही.

माझा प्रकल्प स्मृतीवरच होता. आजीने परवानगी दिली ती एका अटीवर : पाचावर अडले हे लिहितं तर अकरा बायांचं वजन सांगितलं हेही लिही. मी दोन्ही लिहिलं.