भीती वाटली की आधी अंगाकडे बघा

तोंडचं पाणी पळालं, हातपाय गार पडले, पोटात गोळा आला, अंगावर काटा आला. भीतीबद्दल बोलताना मराठी माणूस शरीराबद्दलच बोलतो, आणि ते तंतोतंत खरं आहे. मेंदूतल्या बदामाएवढ्या अमिग्डलाला धोक्याची चाहूल लागली, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते. रक्त कातडीकडून आणि पोटाकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात. लाळ आटते. केसांच्या मुळाशी असलेले चिमुकले स्नायू आखडले, की काटा उभा राहतो. ही सगळी लढायची किंवा पळायची तयारी असते, असं अमेरिकी शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास मांडलं. पंचाईत एवढीच, की सभेत बोलायला उभं राहिल्यावर ना लढता येतं ना पळता.

१. नेमकी कशाची भीती, ते शोधा. उंची, साप, कोळी, बंद जागा, विमान, विजांचा कडकडाट, सुई, चारचौघांत बोलणं ही नेहमीची यादी. पण ‘मला लिफ्टची भीती वाटते’ एवढ्यावर थांबू नका. लिफ्ट अडकेल म्हणून, आत गुदमरेल म्हणून, की आपण घाबरलेले लोकांना दिसू म्हणून? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

२. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या. ‘खोल श्वास घे’ हा सल्ला अर्धवट आहे. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं, आणि मग माणूस त्या मुंग्यांनाच घाबरतो. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते. दोन-तीन मिनिटं तरी करा. पहिल्या चार श्वासांत काही होत नाही म्हणून सोडून देऊ नका.

३. रक्त आणि सुईची भीती असेल तर उलटं करा. इतर भीतींमध्ये रक्तदाब वाढतो. इथे तो आधी चढतो आणि मग एकदम घसरतो, म्हणून माणूस चक्कर येऊन पडतो. माझं तेच व्हायचं. दंडाला पट्टा बांधला, स्पिरिटचा वास आला, की कानात गुणगुण सुरू, कपाळावर घाम आणि डोळ्यांपुढे अंधारी. वर समोरचे म्हणायचे, ‘अंग सैल सोडा.’ सैल सोडलं की मी हमखास खाली! अशा वेळी अंग ताठ करायचं असतं. पाय, मांड्या, पोट आणि सुई टोचणार नाही तो हात १०-१५ सेकंद घट्ट आवळा, चेहऱ्यावर ऊब जाणवली की अर्धा मिनिट सोडा. असं पाच वेळा. (रक्तदाबाचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.) शक्य असेल तर आडवं पडूनच टोचून घ्या, त्यात लाज कसली?

४. पायऱ्या करा. टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच भीती टिकते. १९२४ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची हकिकत लिहिली. त्याला आवडीचं खायला देऊन ससा थोडाथोडा जवळ आणला, शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. तुमची शिडीही अशीच करा: लिफ्टसमोर नुसतं उभं राहणं, दार उघडं ठेवून आत जाणं, सोबत घेऊन एक मजला, मग एकट्याने. प्रत्येक पायरीवर धडधड उतरेपर्यंत थांबा. धडधड चढलेली असताना पळालात, तर शरीर ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढंच शिकतं.

५. कधी दाखवायचं? छातीत दुखणं, विशेषतः हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, ही भीतीच असेल असं समजून घरी बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. आणि एखाद्या भीतीपायी सहा महिने काम, प्रवास किंवा उपचार अडले असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जाताना तुमची शिडी कागदावर लिहून न्या आणि कुठल्या पायरीवर अडलात, त्यावर खूण करा.