लिंबू-कोळंबीचा पास्ता करताना या चुका टाळा

हा पास्ता मी पहिल्यांदा केला तेव्हा साहित्यात काहीच कमी नव्हतं. ताजी कोळंबी होती, चांगलं ऑलिव्ह तेल होतं, लसूण होता, अख्ख्या लिंबाचा रस होता. तरी ताटात आलं ते नुसतं आंबट आणि मागाहून कडसर. कोळंबी वातड झाली होती आणि तळाशी तेल साचलं होतं. नंतर चार-पाचदा केल्यावर लक्षात आलं की चूक साहित्यात नव्हती, क्रमात होती.

या पदार्थातल्या तिघांना आच सोसायची तयारी सारखी नसते. पास्त्याला साधारण आठ ते दहा मिनिटं लागतात, कोळंबीला दोन-तीन, आणि लिंबाच्या रसाला आच लागतच नाही. शेवटी सगळं एकाच पॅनमध्ये जातं म्हणून आपण तिघांना एकत्रच शिजवायला घेतो. मग एक कच्चं राहतं, दुसरं आक्रसतं आणि तिसऱ्याचा वास उडून जातो.

दोघांसाठी मी घेते ते प्रमाण असं: 200 ग्रॅम स्पॅगेटी किंवा लिंग्विनी, सोललेली 250 ग्रॅम कोळंबी, लसणाच्या चार पाकळ्या, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, 20 ग्रॅम थंड बटर, एक लिंबू, मूठभर चिरलेली पार्सली, मीठ, मिरे आणि हवे तर चिली फ्लेक्स.

कोळंबी वातड का होते

कोळंबीतली प्रथिनं तापली की आकसतात आणि आतलं पाणी बाहेर ढकलतात. थोडी आकसली की मांस घट्ट आणि रसदार लागतं. आणखी एक-दोन मिनिटं गेली की पाणी संपतं आणि उरतं ते रबर. म्हणून घड्याळापेक्षा आकाराकडे बघा. कोळंबी अर्धगोल वळली, काचेसारखा रंग जाऊन दुधाळ झाला आणि कडा गुलाबी झाल्या, की झाली. तिचं पूर्ण कडं झालं, म्हणजे शेपटी डोक्याकडच्या टोकाला टेकली, तर उशीर झालाय. मध्यम आकाराच्या कोळंबीला तापलेल्या पॅनमध्ये प्रत्येक बाजूला एक ते दीड मिनिट पुरतं.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. कोळंबी परतून झाली की ती पॅनमध्येच राहू देतात आणि तिच्यावरच सॉस, त्यात पास्ता असा प्रवास सुरू होतो. तोवर पाच-सहा मिनिटं सहज जातात. कोळंबी ताटलीत काढून ठेवा आणि अगदी शेवटी, पास्ता सॉसमध्ये घोळून झाल्यावर परत घाला. ताटलीत सुटलेला रसही सोबत ओता. त्यात चव असते.

एकदा वातड झालेली कोळंबी परत मऊ होत नाही. तिचे बारीक तुकडे करून सॉसमध्ये मिसळा, घासाघासाला चावत बसावं लागणार नाही. एवढाच उपाय आहे.

दुसरी तक्रार असते पाणी सुटण्याची. कोळंबी परतायला घालावी आणि पॅनमध्ये डबकं व्हावं, मग ती परतली न जाता उकडली जाते. याची कारणं तीन. एक, कोळंबी ओली असते. धुतल्यावर ती कोरड्या फडक्यावर किंवा टिश्यूवर पसरून नीट टिपून घ्या. दोन, पॅनमध्ये गर्दी होते. थंड कोळंबी ढीगभर घातली की पॅनचं तापमान खाली येतं, म्हणून दोन घाण्यांत परता. तिसरं कारण सहसा लक्षात येत नाही. काही गोठवलेल्या कोळंबीला पाणी धरून ठेवण्यासाठी फॉस्फेट लावलेलं असतं, आणि तेच पाणी पॅनमध्ये बाहेर येतं. पाकिटावरचे घटक वाचा. नुसती कोळंबी आणि फार तर मीठ लिहिलं असेल असं पाकीट निवडा.

गोठवलेली कोळंबी आदल्या रात्री फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात काढून ठेवणं उत्तम. विसरलात तर बंद पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवा, अर्ध्या तासाच्या आत सुटी होते. गरम पाण्याचा मोह टाळा. बाहेरून ती गिळगिळीत होते आणि मधे बर्फ तसाच राहतो.

लिंबात मुरवू नका

मांस मुरवायचं तर त्यात लिंबू पिळायचं, ही सवय हाताला इतकी बसलेली असते की कोळंबीलाही आपण तेच करतो. पण आम्लाने प्रथिनांचं आचेसारखंच होतं. अर्धा तास लिंबाच्या रसात राहिलेली कोळंबी वरून पांढरी पडते. मग पॅनमध्ये गेली की दुसऱ्यांदा शिजते आणि खाताना भुसभुशीत लागते. आणि एक गोष्ट ठाम लक्षात ठेवा: लिंबाने पांढरी झालेली कोळंबी शिजलेली नसते. आम्लाने जंतू मरतीलच असं नाही, त्यासाठी आच हवी. मुरवायचीच असेल तर मीठ, मिरे, थोडं तेल आणि लिंबाची किसलेली साल लावा. सालीने वास मिळतो आणि मांसाचा पोत बिघडत नाही.

वास सालीत असतो, आंबटपणा रसात

हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर हा पदार्थच बदलला. लिंबाचा जो ताजा वास आपल्याला हवा असतो तो सालीच्या रंगीत भागातल्या बारीक तेलग्रंथींमध्ये असतो. रसात मुख्यतः सायट्रिक आम्ल असतं. त्यामुळे ‘लिंबाची चव कमी वाटतेय’ म्हणून रस वाढवत नेला की पदार्थ आंबट होत जातो, सुगंधी होत नाही.

साल किसायची ती लिंबू कापण्याआधी, अख्ख्या फळावर. अर्धी फोड किसणीवर घासताना हातातून निसटते आणि बोटं सोलवटतात. बारीक किसणीवर एका जागी एकदाच हात फिरवा आणि लिंबू वळवा. रंगाखाली पांढरा थर दिसू लागला की थांबा, कारण कडवटपणा तिथे आहे. लिंबाला मेणाचा थर दिलेला असेल तर आधी कोमट पाण्याखाली चोळून धुवा. पातळ सालीच्या छोट्या हिरव्या लिंबाची साल किसताना जास्त सांभाळावं लागतं. जाड सालीचं पिवळं लिंबू या कामाला सोपं.

किसलेल्या सालीतली अर्धी लसणाच्या तेलात शेवटच्या अर्ध्या मिनिटाला घाला. ते तेल पास्त्याच्या प्रत्येक धाग्याला वास लावतं. उरलेली अर्धी वाढताना वरून घाला. रस मात्र गॅस बंद केल्यावरच. उकळत्या सॉसमध्ये घातलेल्या रसाचा ताजेपणा वाफेबरोबर जातो, आम्ल तेवढं मागे राहतं. 200 ग्रॅम पास्त्याला दीड मोठा चमचा रस घालून चव बघा, मग वाढवायचा का ते ठरवा. बी पडू देऊ नका, चावली गेली तर तो घास कडू होतो.

संत्र्याचा रस वापरायचा असेल तर नियम थोडा उलटा आहे. त्यात गोडवा जास्त आणि आम्ल कमी, म्हणून तो आटवून अर्धा केला तरी चालतो, उलट दाट होतो. पण त्याला धार राहत नाही. शेवटी लिंबाचे काही थेंब लागतातच.

आता बिघडलेलं सावरण्याबद्दल. जास्त आंबट झालं तर साखरेकडे हात नेऊ नका, आंबट-गोड असं तिसरंच काही तयार होतं. थंड बटरचा एक तुकडा आणि पास्त्याचं दोन चमचे पाणी घालून हलवा, स्निग्धतेने आंबटपणाची धार बोथट होते. चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याचा सल्ला देतात. मी देणार नाही. सोडा किंचित जास्त झाला तरी साबणासारखी चव येते. हलकासा कडवटपणा असेल तर थोडं मीठ घालून बघा, मीठ कडू चव दाबतं. पण लसूण करपल्यामुळे कडू झालं असेल तर ते तेल टाकून द्या आणि नव्याने सुरुवात करा. करपलेल्या लसणावर कशाचीच मात्रा चालत नाही. लसूण थंड तेलात घालून मंद आचेवर ठेवला की तो करपायची भीती निम्मी होते. कडा फिकट सोनेरी झाल्या की पुढची पायरी घ्यायची.

पास्त्याचं पाणी आणि तळाशी साचणारं तेल

नेहमीचं प्रमाण 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ असं सांगतात. या पदार्थाला मी पाणी थोडं कमी घेते, 200 ग्रॅमला दीड लिटर, म्हणजे पिठूळपणा जास्त उतरतो. मीठही त्याच मापात कमी करते, कारण हे पाणी पुढे सॉसमध्ये जाणार असतं आणि कोळंबीलाही स्वतःचा खारटपणा असतो. पाण्यात तेल घालू नका. ते वर तरंगत राहतं आणि चाळणीत ओतताना पास्त्याला लागतं, मग सॉस धरत नाही. शिजलेला पास्ता नळाखाली धुणं तर त्याहून वाईट, कारण हवं असलेलं स्टार्च तिथेच वाहून जातं.

तेल आणि लिंबाचा रस आपणहून एकजीव होत नाहीत. पास्त्याच्या पाण्यातलं स्टार्च मधे येऊन तेलाचे बारीक थेंब धरून ठेवतं, आणि त्यासाठी जोरात हलवावं लागतं. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता बाहेर काढा, लसणाच्या तेलात घाला, अर्धी वाटी पाणी ओता आणि मोठ्या आचेवर चिमट्याने सतत घोळवा. पास्ता तिथेच शिजून होतो आणि सॉस त्याला चिकटतो.

पाणी काढून ठेवायला विसरणं हे सगळ्यांचं होतं. मी चाळणीतच एक कप ठेवून देते, ओतायला गेलं की तो समोर येतोच. तरी विसरलात तर अर्धी वाटी पाण्यात अर्धा लहान चमचा कॉर्नफ्लोअर कालवून उकळी आणा, काम भागतं. तेल वेगळं दिसायला लागलं तर गॅस बंद करून दोन चमचे गरम पाणी घाला आणि जोरात ढवळा. सॉस फारच पातळ असेल तर कोळंबी घालण्याआधी अर्धा मिनिट मोठी आच द्या.

क्रीम, चीज आणि बाकीचं

लिंबू आणि दुधाचा संबंध आला की फाटण्याचा धोका आलाच. दुधातलं केसीन हे प्रथिन 4.6 पीएचच्या आसपास गोळा होतं (पीएच हे आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) आणि लिंबाचा रस याहून कितीतरी आम्ल असतो. दूध किंवा कमी स्निग्धांशाचं क्रीम लगेच फाटतं, जाड क्रीम बरंच सोसतं. क्रीम घालायचंच असेल तर लिंबाचा वास सालीतून घ्या आणि रस गॅस बंद करून थेंब थेंब सोडा. किसलेलं चीज उकळत्या आंबट सॉसमध्ये पडलं की तारा आणि गुठळ्या होतात. माझं मत विचाराल तर इथे चीज नकोच, ते कोळंबीची नाजूक गोडी झाकतं. त्याऐवजी पावाचा चुरा थोड्या तेलात सोनेरी भाजून वरून भुरभुरा.

पार्सली आणि लिंबाचा रस दोन्ही शेवटच्या क्षणी घाला. गरम आणि आंबट वातावरणात हिरवा रंग काही मिनिटांत मळकट होतो. भांडं स्टीलचं किंवा नॉनस्टिक घ्या. साध्या ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडी भांड्यात आम्लामुळे धातूची चव उतरते.

कोळंबीऐवजी माकूळ घेतलात तर तिचं गणित निराळं आहे. एक-दोन मिनिटं मोठ्या आचेवर, नाहीतर अर्ध्या तासाहून जास्त मंद आचेवर. अधल्यामधल्या वेळेला ती चिवटच राहते. शिंपल्या असतील तर आधी तासभर मिठाच्या पाण्यात ठेवा म्हणजे वाळू सुटते. उघड्या असलेल्या आणि टिचकी मारल्यावर न मिटणाऱ्या टाकून द्या, शिजल्यावर न उघडलेल्याही टाकून द्या. त्या खारट पाणी सोडतात, म्हणून पास्त्याच्या पाण्यात मीठ निम्मं करा.

गॅस पेटवण्याआधी

झटपट म्हणतात म्हणून लोक गॅस आधी पेटवतात आणि लसूण नंतर सोलतात. पाणी उकळायला ठेवायचं, आणि ते उकळेपर्यंत कोळंबी टिपलेली, लसूण चिरलेला, साल किसलेली, रस वाटीत काढलेला, पार्सली चिरलेली असं सगळं ओट्यावर मांडून ठेवायचं. पास्ता पाण्यात गेला की दुसऱ्या शेगडीवर थोडं तेल तापवून कोळंबी परतून काढायची. पॅन जरा निवू द्यायचं, मग त्यातच उरलेलं तेल आणि लसूण मंद आचेवर. लसूण सोनेरी होत आला की त्यात अर्धी साल, मग पास्ता आणि पाणी. सॉस धाग्यांना धरू लागला की गॅस बंद. कोळंबी, थंड बटर, रस, पार्सली या क्रमाने घालून एकदा घोळवायचं आणि लगेच वाढायचं.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करताना कोळंबी वेचून बाजूला काढा, पास्त्यात दोन-तीन चमचे पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणा. तो वाफाळला की कोळंबी घालून तीही आतपर्यंत गरम होईल इतकाच वेळ ठेवा आणि उतरवा. आदल्या दिवशीचा लिंबाचा वास उरलेला नसतो. थोडी नवी साल वरून किसा.