सर्व्हिसिंग झालं, तरी मीटरवर पाना दिसतोच

ऑइल आणि फिल्टर ओळखीच्या मेकॅनिककडून बदलून घेतले. तरी गाडी ऑन केली की मीटरवर पान्याचं चिन्ह आणि ‘सर्व्हिस ड्यू’. गाडीच्या मोबाइल ॲपचंही तेच रडगाणं.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर अर्धा तास काढून ठेवली. फरक शून्य, उलट घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं गेली. मग गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर लावून कोड पुसायला गेलो, तर पुसायला कोडच नव्हता. दोन रविवार असे पाण्यात गेले.

माझ्या गाडीत तेलाचा दर्जा तपासणारा सेन्सर नाहीच. किलोमीटर आणि दिवस मोजणारा काउंटर आहे. तो बिघाड नाही, म्हणून कोड नाही. आकडा कायमच्या मेमरीत असतो, म्हणून बॅटरी काढूनही जात नाही.

जमलं ते असं: ब्रेकवर पाय न ठेवता स्टार्ट बटण दोनदा दाबलं, म्हणजे इग्निशन ऑन, इंजिन बंद. स्टिअरिंगवरच्या बटणांनी सेटिंग्ज, मग सर्व्हिस इंटरव्हल, मग रीसेट. पूर्ण 10,000 किमी परत दिसेपर्यंत ओके दाबून धरलं. इग्निशन बंद, पुन्हा ऑन. पाना गायब.

ॲप मात्र जुनंच दाखवत होतं. ॲपला आकडे पाठवणाऱ्या, गाडीतल्या ई-सिमला सोसायटीच्या बेसमेंटमध्ये रेंजच नव्हती! गाडी वर रस्त्यावर आणली, दहा मिनिटं फिरवली, बंद केली, ॲप रिफ्रेश केलं. आकडे जुळले.

मेनू नसलेल्या काही गाड्यांत ट्रिपचं बटण दाबून धरून इग्निशन ऑन करावं लागतं. नेमका क्रम मॅन्युअलमध्ये पाहा.