नोकरी गेली आणि खान्देशात आलात? सिस्टर, हे वाचा

मी मिरजेकडची, पण आता पक्की जळगावकर. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातून कमी केलेल्या, नवऱ्याच्या बदलीमुळे इकडे आलेल्या सिस्टर मला नेहमी विचारतात, सुरुवात कुठून करू?

ऑनलाइन अर्ज टाकून वाट बघत बसू नका. इथली बरीच खासगी हॉस्पिटलं डॉक्टर स्वतः चालवतात आणि माणसंही तेच ठेवतात. दुपारचा हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंट सोपवणं, झाला की फाईल घेऊन जा. आधी मेट्रनला, म्हणजे मुख्य सिस्टरला भेटा, कारण डॉक्टर शेवटी तिलाच विचारतात, "बाई कशी वाटली?"

फाईलवर नुसती अनुभवाची वर्षं लिहू नका, हातातलं काम लिहा. व्हेंटिलेटरचे पेशंट सांभाळले, डायलिसिसची मशीन लावते, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) बाळाला कॅन्युला, म्हणजे सलाइनची नळी घालते, असं. नवशिक्या मुली त्यांना स्वस्तात मिळतात. पण रात्री दोनला पेशंटचं सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) घसरलं, तर श्वासाच्या ट्यूबमध्ये सिक्रिशन (कफ) अडकलंय हे ओळखून आधी सक्शन करून ते ओढून काढणारी, मग डॉक्टरांना उठवणारी सिस्टर सहज मिळत नाही. पगार बोलताना हेच बोला. "आधी तीन महिने बघू" म्हणाले, तर चौथ्या महिन्यापासून किती, ते लिहून घ्या. गोड बोलण्यावर जाऊ नका.

जुन्या हॉस्पिटलच्या अनुभवाच्या दाखल्यावर वॉर्डचं नाव हवंच. सलग पाच वर्षं भरली असतील, तर ग्रॅच्युइटी मागा. नोकरीवरून त्यांनी कमी केलं म्हणून ती बुडत नाही. पीएफचा यूएएन, म्हणजे खात्याचा कायमचा नंबर, तोच राहतो, नव्या ठिकाणी तोच द्या. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. तारीख आजच बघा. मूळ सर्टिफिकेटं जमा करायला सांगणारे इथेही भेटतील. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत पिशवीत टाका.

सरकारी कंत्राटी जागांसाठी जिल्हा परिषदेच्या जाहिराती बघत राहा, आणि नंदुरबार वगळू नका. लोक धडगाव, अक्कलकुव्याचं नाव ऐकूनच मागे फिरतात. कुपोषित मुलं आणि सिकलसेलचे पेशंट तिथे सतत येतात. बालरोग विभागात काम केलेल्या सिस्टरचा तिथे खरा उपयोग आहे. तिथली पावरी किंवा भिली बोली कळली नाही, तर आशाताईंना शेजारी उभं करा. जळगाव-धुळ्यात आजीबाई "पोट दुखी ऱ्हायनं" म्हणतील, ती अहिराणी महिनाभरात कानात बसते.

घर मात्र हॉस्पिटलच्या जवळच बघा. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि दुपारच्या ड्युटीला निघायची वेळ नेमकी तीच.