नॅनोमध्ये यायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींसाठी थोडं सविस्तर

बीएस्सी लास्ट इयरचे निकाल लागले की मेसेज सुरू होतात, सर नॅनोला स्कोप आहे काय, सर कोल्हापूर बरं की धारवाड, सर सिल्व्हर नॅनोपार्टिकल घरी बनवता येतात काय. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकालोय. मी खानापूर तालुक्यातला, बीएस्सी बेळगावात, एमएस्सी फिजिक्स धारवाडला आणि पीएचडी कोल्हापूरला, म्हणजे हायवेच्या दोन्ही टोकांचं पाणी प्यायलोय, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं माहीत आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, कारण पुढचं कितीजण वाचतील देव जाणे. नॅनोपार्टिकल बनवणं अवघड नाही. खरंच नाही. मॅग्नेटिक स्टिरर, हॉट प्लेट, दोन सॉल्ट आणि एक दुपार एवढ्यावर काहीतरी नॅनो बनतंच. अवघड आहे ते आपण नेमकं काय बनवलं हे सिद्ध करणं आणि पुढच्या महिन्यात तेच परत बनवून दाखवणं. पीएचडीची चार-पाच वर्षं जातात ती त्यातच, आणि नवीन पोरांना हे कुणी सांगत नाही.

नॅनो म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण त्या साईजला गेलं की प्रॉपर्टी का बदलते विचारलं की इंटरव्ह्यूला शांतता. एक हिशोब कागदावर करून बघा. १ सेंटिमीटरचा ठोकळा घ्या, त्याच्या सहा बाजू मिळून क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचे १ नॅनोमीटरचे बारीक ठोकळे पाडले तर सगळ्यांचं मिळून ६००० चौरस मीटर होतं, म्हणजे जवळजवळ दीड एकर रान. मटेरियल तेवढंच, वजन तेवढंच, पण पृष्ठभाग दीड एकर! कॅटॅलिसिस, गॅस सेन्सर, बॅटरी यांत नॅनोचं कौतुक का, याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

उरलेलं अर्धं क्वांटमचं. सेमीकंडक्टरचा कण पुरेसा लहान झाला की त्याचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वर उडी मारायला लागणारी ऊर्जा) साईज कमी होईल तसा वाढतो, म्हणून एकाच कॅडमियम सेलेनाइडचे लहान कण निळसर प्रकाश देतात आणि मोठे कण लाल. २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल याच कामाला मिळालं, एकिमोव्ह, ब्रूस आणि बावेंडी या तिघांना. त्यातलं बावेंडींचं १९९३ चं काम सिंथेसिसवाल्यांनी मुद्दाम समजून घ्यावं. प्रिकर्सर (ज्यापासून कण बनवायचा तो कच्चा माल) गरम सॉल्व्हेंटमध्ये एकदम इंजेक्ट केला की सगळी न्यूक्लिआय (कणांची बीजं) एकाच झटक्यात तयार होतात, लगेच टेम्परेचर खाली येतं, नवीन न्यूक्लिआय बनणं थांबतं आणि मग सगळे कण बरोबरीनं वाढतात. न्यूक्लिएशन आणि ग्रोथ वेगळं करा हे ला मेरनी १९५० मध्येच सांगितलं होतं. तुमची रेसिपी कुठलीही असू दे, को-प्रेसिपिटेशन, सोल-जेल, हायड्रोथर्मल, प्रत्येक वेळी स्वतःला हाच प्रश्न विचारा की माझ्या बीकरमध्ये न्यूक्लिएशन कधी संपतंय. थेंब थेंब टाकायला का सांगितलंय, स्टिररचा स्पीड का लिहायचा, पीएच का मोजायचा, सगळं तिथूनच कळत जातं.

हायड्रोथर्मलवरून आठवलं म्हणून मध्येच सांगतो, टेफ्लॉन लायनरचा ऑटोक्लेव्ह (घट्ट बंद करून तापवायचं भांडं) काठोकाठ भरायचा नाही, वर जागा सोडायची, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचा नाही. सिनियर कितीही घाई करू दे. दुसरं, मॅक्सीन नावाचं टू-डी मटेरियल सध्या फार जोरात आहे, २०११ मध्ये अमेरिकेत ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत पहिल्यांदा बनवलं, आणि बरीच पोरं ते करायचं म्हणून येतात. ते बनवताना बहुतेक वेळा हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड लागतं, किंवा लिथियम फ्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड मिसळून ते जागेवर तयार होतं, म्हणजे या दोन्ही पद्धतींत सुटका नाही. हे अ‍ॅसिड कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोचतं, हा काही नेहमीच्या अ‍ॅसिडसारखा विषय नाही. लॅबमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट जेल ठेवलेलं नसेल आणि फ्यूम हूड चालत नसेल तर सरळ नाही म्हणा, पेपर दुसऱ्या मटेरियलवर पण होतो.

आता आपल्याकडचा लाडका विषय, ग्रीन सिंथेसिस. तुळस, कडूलिंब, शेवगा, जांभूळ, जे पान हाताला लागेल ते उकळायचं, सिल्व्हर नायट्रेटमध्ये ओतायचं, रंग तपकिरी झाला की झाले नॅनोपार्टिकल. मी याच्या विरोधात नाही. पानातली पॉलिफेनॉल, फ्लॅव्होनॉइड वगैरे सिल्व्हर आयनला रिड्यूस करतात आणि कणाभोवती बसून त्याला गोळा होण्यापासून वाचवतात, केमिस्ट्री खरी आहे, आणि एमएस्सी प्रोजेक्टला कमी पैशात होतं. पण आपल्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात जुलैला तोडलेलं पान आणि एप्रिलच्या उन्हात तोडलेलं पान यांच्यात आत काय काय आहे ते सारखं असत नाही. मग पावसाळ्यात वीस नॅनोमीटर आलेला कण उन्हाळ्यात पन्नास आला तर गाईडला काय सांगणार? म्हणून पान कुठून, कधी तोडलं, वाळवलं की ओलंच, किती ग्रॅमला किती पाणी, सगळं वहीत. आणि कंट्रोल करा रे बाबांनो, नुसतं सिल्व्हर नायट्रेट एका टेस्ट ट्यूबमध्ये, नुसता अर्क दुसऱ्या टेस्ट ट्यूबमध्ये, तेवढाच वेळ, त्याच उजेडात. निम्मे प्रोजेक्ट हे करतच नाहीत.

अजून एक गंमत, म्हणजे गंमत कसली, डोक्याला ताप. सिल्व्हरचे एक्सआरडी (एक्स-रे टाकून स्फटिक ओळखायची पद्धत) पीक ३८, ४४, ६४ आणि ७७ डिग्रीच्या आसपास येतात. पानाच्या अर्कातनं बनवलेल्या सॅम्पलला बऱ्याचदा ३२ आणि ४६ ला पण पीक दिसतात आणि कितीतरी पेपरमध्ये त्याला 'अर्कातल्या सेंद्रिय पदार्थांचे पीक' म्हणून सोडून दिलेलं असतं. ते बहुतेक वेळा सिल्व्हर क्लोराइड असतं हो! पानात क्लोराइड असतंच आणि त्यात नळाचं पाणी वापरलं असेल तर विचारायलाच नको. डबल डिस्टिल्ड वॉटरवर कंजूषपणा करू नका.

एक्सआरडीचा विषय निघालाय तर शेररचं पण बोलून घेऊ. शेरर फॉर्म्युला (पीकच्या रुंदीवरून साईज काढायचा) क्रिस्टलाइट म्हणजे एकसंध स्फटिकाची साईज देतो, पार्टिकल साईज नाही. एका कणात अनेक क्रिस्टलाइट असू शकतात. त्यामुळे शेररनी २० आलं आणि एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) २०० दिसलं तर घाबरू नका, दोन्ही खरं असू शकतं. मशीनमुळे पीक जेवढं रुंद होतं तेवढं आधी वजा करा आणि १०० नॅनोमीटरच्या वरचे आकडे शेररनी काढूच नका. तसंच डीएलएस (प्रकाश टाकून द्रवातल्या कणांची साईज मोजायची पद्धत) हा कणाबरोबर त्याच्याभोवतीचं पाण्याचं आणि कॅपिंगचं कवच पण मोजतो, शिवाय मोठ्या कणांचा प्रकाश त्याच्यात फार जास्त धरला जातो, म्हणून तो आकडा टीईएमपेक्षा (हा पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच, आणखी बारीक बघणारा) बहुतेक वेळा मोठा. टाउक प्लॉट (प्रकाश शोषणाच्या डेटावरून बँड गॅप काढायचा ग्राफ) काढताना झिंक ऑक्साइड डायरेक्ट बँड गॅपचं आणि अ‍ॅनाटेज टायटॅनिया इनडायरेक्टचं हे लक्षात ठेवा, घात चुकला की बँड गॅप चुकला, आणि व्हायवाला एक्स्टर्नल नेमका तिथंच बोट ठेवतो.

नवीन पेपर वाचताना पण हीच नजर ठेवा. फोटोकॅटॅलिसिसच्या पेपरमध्ये मिथिलीन ब्लू किती टक्के गेला हे मोठ्या अक्षरात असतं, पण लाईट लावायच्या आधी अंधारात ठेवून नुसत्या अ‍ॅड्सॉर्प्शननी किती गेला ते बघा, आणि तो डाय स्वतःच व्हिजिबल लाईट खातो, मग काम तुमच्या कॅटॅलिस्टनी केलं की डायनी? चांगले ग्रुप फिनॉलसारखा बिनरंगाचा रेणू घेऊन परत तपासतात. सुपरकॅपॅसिटरमध्ये निकेल-कोबाल्टच्या ऑक्साइडला फॅरड पर ग्रॅममध्ये हजारोंचे आकडे असतात, पण ते मटेरियल वागतं बॅटरीसारखं, म्हणजे चार्ज कूलंब किंवा मिलिअँपिअर-अवरमध्ये द्यायला पाहिजे, आणि इलेक्ट्रोडवर मटेरियल एक मिलिग्रॅमपण नसतं. असा आकडा दिसला की पहिल्यांदा मास लोडिंग, म्हणजे इलेक्ट्रोडवर मटेरियल किती लावलं, ते शोधायचं.

ही सवय घरी पण उपयोगाला येते. आमचे मामा ऊसवाले, ते विचारतात, "काय रे, तू ते नॅनो शिकालास, मग हा नॅनो युरिया मारू काय उसाला?" मी म्हटलं मामा, गणित करू. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे वीस किलोच्या वर. सुरुवातीला जी अर्ध्या लिटरची बाटली आली तिच्यात ४ टक्के, म्हणजे वीस ग्रॅम. पोत्यातला बराच नायट्रोजन पाण्याबरोबर आणि हवेत वाया जातो हे मान्य, पण वीस ग्रॅम शंभर टक्के पानात गेला तरी वीस ग्रॅमच की. मामा म्हणाले, "मग पोतंच आणतो."

आता कुठं जायचं. आपलं नशीब असं की धारवाड आणि कोल्हापूर एकाच हायवेवर, बेळगाव मध्ये. कर्नाटक युनिव्हर्सिटी धारवाड आणि शिवाजी युनिव्हर्सिटी कोल्हापूर, दोन्हीकडे सैफ आहे, म्हणजे बाहेरच्या विद्यार्थ्यांनी फी भरून सॅम्पल मोजून घ्यायची मोठ्या मशीनची सोय. शिवाय आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या मशीन शोधून स्लॉट घेता येतो. कोल्हापूरला थिन फिल्मची परंपरा जुनी आहे, केमिकल बाथ, सिलार, स्प्रे पायरोलिसिस अशा फिल्म बनवायच्या पद्धती, कमी खर्चात काम करायचं तंत्र तिथं शिकायला मिळतं. बेळगावजवळच राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी आहेच, घरून ये-जा करायची असेल तर. बाहेर पडायची तयारी असेल तर बेंगळुरूला आयआयएस्सी, जवाहरलाल नेहरू सेंटर आणि सेन्स (सेंटर फॉर नॅनो अँड सॉफ्ट मॅटर सायन्सेस), आणि त्याच्या आधी एमएस्सीतच विज्ञान अकादमींची समर रिसर्च फेलोशिप भरा, दोन महिने चांगल्या लॅबमध्ये काढले की आपण कुठं कमी पडतो ते कळतं.

सॅम्पल घेऊन जाताना एक आपल्याकडचाच सल्ला, १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागात काळा दिवस) आसपास किंवा सीमाप्रश्न तापलेला असताना कोल्हापूरचा स्लॉट घेऊ नका, एसटी कोगनोळीच्या (हायवेवरची राज्याची हद्द) पुढे येत नाही आणि गेलेला स्लॉट परत लवकर मिळत नाही. पावडर असेल तर चार दिवसांनी काही बिघडत नाही, पण कोलॉइड (द्रवात तरंगणारे कण) बाटलीच्या तळाला बसतं.

गाईड निवडताना टॉपिकचं नाव बघू नका, 'नॅनो' सगळ्यांच्याच टॉपिकमध्ये आहे. लॅबमधल्या सिनियरना चहाला घेऊन जा आणि विचारा, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर स्वतःच्या हातानी चालवायला मिळतो काय, टीईएमचे पैसे कोण भरतं, मागच्या विद्यार्थ्याला किती वर्षं लागली. धारवाडकडे लॅबमध्ये कन्नड चालतं, कोल्हापुरात मराठी, आपल्या पोरांना दोन्ही येतं हा आपला मोठा फायदा आहे, पण सेमिनार इंग्लिशमध्येच असतो तेव्हा बोलायची सवय आधीपासून करा.

पैशाचं आणि नोकरीचं. सीएसआयआर नेटमधनं जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) निघाली तर महिन्याला ३७,००० आणि वर घरभाडं, तेव्हा एमएस्सी सेकंड इयरपासूनच अभ्यास लावा. नेट देशभर चालते पण सेट त्या त्या राज्यापुरती, के-सेट काढून कोल्हापूरच्या कॉलेजात अर्ज करता येत नाही आणि महाराष्ट्राच्या सेटवर बेळगावात नाही. दुसऱ्या राज्याची सेट देताना कॅटेगरीचा फायदा मिळत नाही, ओपनमध्ये धरतात, हे फॉर्म भरायच्या आधी बघा. गाव महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत असेल तर महाराष्ट्रातल्या प्रवेशाच्या वेळी सवलतीची चौकशी करा, नियम बदलत असतात म्हणून ऑफिसातच विचारा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

प्रोफेसरच व्हायचं असं पण नाही. बेळगावातच हिंदाल्कोचा स्पेशालिटी अ‍ॅल्युमिनाचा कारखाना आहे, तिथं पार्टिकल साईज आणि सरफेस एरिया हाच रोजचा धंदा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना मायक्रोस्ट्रक्चर बघता येणारा माणूस लागतो. पेंट, कोटिंग, फार्मा यांना पण. तिथं तुमच्या सिल्व्हरला किती झोन (बॅक्टेरिया मेलेलं वर्तुळ) आला ते कुणी विचारत नाही, एक्सआरडीचा ग्राफ समोर ठेवून यात काय दिसतंय सांगा म्हणतात.

गाईडना मेल पाठवताना 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम इंटरेस्टेड इन नॅनो' एवढंच लिहून पाठवू नका, असले मेल रोज येतात. त्यांचा मागच्या दोन वर्षांतला एक पेपर वाचा, त्यातला एक ग्राफ धरून एक खरा प्रश्न विचारा, तुमच्या एमएस्सी प्रोजेक्टचा कच्चा डेटा एका पानात जोडा, आणि आठवडाभर उत्तर आलं नाही तर सरळ जाऊन भेटा, धारवाड काय अन् कोल्हापूर काय, सकाळी निघालं तर संध्याकाळी घरात.