जुन्या पीसीवर कोणती विंडोज टाकायची?

सांगलीच्या मार्केट यार्डात एखाद्या अडत दुकानाच्या माळ्यावर, नाहीतर गावभागातल्या छापखान्यात, पेंटियम थ्री-फोरची पेटी अजून सापडते. ती हाती आली की बहुतेकजण आधी रॅम विचारतात. रॅमचं नंतर. यावर चालवायचंय काय ते ठरवा आणि त्या कामाचे ड्रायव्हर कोणत्या विंडोजसाठी हातात आहेत ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

करंट देण्याआधी झाकण काढा. पेटी 2019 च्या पुरात भिजलेली असेल तर रॅमच्या आणि पीसीआयच्या (जादा कार्डं बसवायच्या) खाचांत वाळलेला गाळ असतो. तो साफ केल्याशिवाय बटण दाबू नका. प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर वरून फुगले असतील तर कुठलीही विंडोज मध्येच अडकणार आणि खापर विंडोजवर फुटणार. बोर्डावरचा सीआर2032 सेल (मशीनचं घड्याळ आणि सेटिंग टिकवणारा) नवा घाला. जुनी हार्ड डिस्क फिरत असेल तर फॉरमॅट मारण्याआधी तिची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून ठेवा. त्यातले ड्रायव्हर पुन्हा कुठे मिळतीलच असं नाही.

डॉसमधलं बिलिंग आणि पॅरलल पोर्टवरचा (प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टवरचा) डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालवायचा असेल तर विंडोज 98 सेकंड एडिशन. नुसतं डॉस 6.22 सुद्धा चालतं, पण एक पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग) 2 जीबीच्या वर जात नाही. विंडोज 95 टाळा: 350 मेगाहर्ट्झ आणि वरच्या एएमडी के6-2 प्रोसेसरवर ती चालू होतानाच प्रोटेक्शन एरर देते. विंडोज मिलेनियम (एमई) तर नकोच, तिच्यात थेट डॉसमध्ये जायची सोयच काढून टाकलेली आहे. फॉक्सप्रोत (जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये) केलेला जुना प्रोग्राम ‘डिव्हाइड बाय झीरो’ म्हणत बंद पडला तर विंडोज बदलत बसू नका. तो सुरू होताना मशीनचा वेग मोजतो, वेगवान मशीनवर मोजलेला वेळ शून्य येतो आणि भागाकार फसतो. त्याला पॅचच लागतो.

छापखान्याची गोष्ट वेगळी. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइली उघडायला मराठी फॉन्टचं तेच सॉफ्टवेअर लागतं आणि त्याचं लॉक (ते नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही अशी छोटी डबी) असतं प्रिंटरच्या पोर्टला. लॉकचा ड्रायव्हर 98 ला वेगळा, एक्सपीला वेगळा. जो हातात आहे त्याचीच विंडोज टाका. लॉक सापडत नसेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) पोर्टचा मोड ईसीपीवरून ईपीपी किंवा एसपीपीवर आणून बघा. युनिकोड मराठी (आज फोनवर आणि इंटरनेटवर चालते ती) हवी असेल तर 98 बाद, विंडोज 2000 किंवा एक्सपी घ्या. एक्सपीत रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये लँग्वेजेसखाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करावी लागते, सीडी जवळ ठेवा. खूण राहिली तर जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते.

आता रॅम. एक्सपीच्या खोक्यावर 64 एमबी लिहिलंय, पण सर्व्हिस पॅक 3 ला 512 शिवाय मजा नाही. 98 चं उलटं: 512 च्या वर रॅम घातली की ‘मेमरी अपुरी’ असा निरोप येतो, कारण डिस्क कॅश रॅमच्या प्रमाणात पत्त्यांची जागा अडवते आणि बाकीच्यांना ती उरत नाही. एक पट्टी काढा, नाहीतर सिस्टिम डॉट आयएनआय फाइलमध्ये व्हीकॅश या विभागाखाली मॅक्सफाइलकॅश 262144 करा.

98 ला 137 जीबीहून मोठी डिस्क लावू नका. त्यापुढचा पत्ता तिच्या ड्रायव्हरला कळत नाही आणि सुरुवातीच्या डेटावरच लिहिलं जातं. काही जुने बायोस तर 32 जीबीच्या वरची डिस्क लावली की ओळखतानाच गोठतात. 16 जीबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड (कॅमेऱ्याचं जुनं मेमरी कार्ड) आयडीई अडॅप्टरवर, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या वायरीला जोडणाऱ्या पट्टीवर, लावलं की दोन्ही कटकटी मिटतात.

98 टाकताना एफडिस्कमध्ये (डिस्कचे भाग पाडणाऱ्या प्रोग्राममध्ये) लार्ज डिस्कच्या प्रश्नाला ‘वाय’ म्हणा, पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह करा, रीस्टार्ट करून मगच फॉरमॅट. सीडीवरचं विन98 फोल्डर सी ड्राइव्हवर कॉपी करून सेटअप तिथून चालवा, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरला सीडी मागत नाही. ड्रायव्हर टाकताना आधी चिपसेट (मदरबोर्डच्या मुख्य चिपा), मग डिस्प्ले, साउंड, लॅन. चिपसेट राहिला तर एजीपी डिस्प्ले कार्ड धड चालत नाही. पेनड्राइव्हचा ड्रायव्हर 98 मध्ये नसतो, तो आधीच सीडीवर लिहून ठेवा. लॅनची वायर राउटरला मात्र लावू नका: 98 चे अपडेट 2006 ला थांबले, एक्सपीचे 2014 ला.